काकती मागे पडल्यावर

लतिका कुर्लीकर बाईंचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं, आणि संक्रांत होऊन गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, असंही नाही. ठरवणं माझ्या हातून सहसा होत नाही. गोष्टी आपोआप ठरतात आणि मग मी त्यांच्यात जाऊन बसतो. पत्र अगदी सरळ होतं. आम्ही दोघांनी बेळगावातल्या एकाच शाळेत सारी नोकरी काढली. मी इंग्रजी शिकवायचो, त्या भूगोल. लग्न मी केलं नाही, त्यांनीही केलं नाही. का ते मी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर त्या निपाणीला वडिलांच्या घरी गेल्या आणि मी बेळगावच्याच शहापुरातल्या माझ्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहिलो. त्यांनी लिहिलं होतं : माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. भाडेकरू मिळतात, पण मला भाडेकरू नको आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वाचताना पाणी येतं, आणि दिवसभर बोलायला कुणी नसलं की मी रेडिओशी भांडते. तुम्ही तिथे एकटे, मी इथे एकटी, यात कुणाचाच फायदा दिसत नाही. इथे येऊन राहा. लोक पंधरा दिवस बोलतील, मग दमतील. होय किंवा नाही, जे असेल ते कळवा. आणि सहीखाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं : राहा म्हणजे ‘लिव्ह’ की ‘ड्वेल’ ते तुम्हीच ठरवा, फरक तुम्ही उद्या सांगणार होता.

हे ‘उद्या’ फार जुनं होतं. नववीच्या वर्गात एकदा धड्यात ड्वेल हा शब्द आला. मी फळ्यावर लिहिलं, ड्वेल म्हणजे राहणे. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, मग लिव्ह म्हणजे पण राहणेच की. दोन शब्द कशाला?” दुसरा कुणी शिक्षक असता तर ‘ड्वेल जरा भारदस्त’ म्हणून मोकळा झाला असता. मी म्हणालो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशीही मला खात्री नव्हती. त्या आठवड्यात चाचण्या आल्या, मग स्नेहसंमेलन आलं, मग ती मुलगी दहावीत गेली. ही गोष्ट बाईंना कुणीतरी सांगितली, आणि तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत एखादी गोष्ट कधी होईल याची खात्री नसली की त्या म्हणायच्या, “घाडी सरांच्या उद्याला होईल बघा.” सगळे हसायचे. मीही हसायचो. त्यांच्या थट्टेत बोचण्यासारखं काही नसायचं, आणि खरं सांगायचं तर आपल्या नावानं एक वाक्प्रचार चालू आहे याचं मला आत कुठंतरी बरं वाटायचं.

तर पत्र आल्यावर मी होय-नाहीचं बाजूला ठेवलं आणि शेवटच्या ओळीचं उत्तर तयार करायला बसलो. निदान तेवढं तरी पक्कं देता येईल, असं वाटलं. घरातले दोन कोश होते, वाचनालयातून आणखी एक मोठा आणला. रात्री जेवण झालं की भिंगाखाली ते बारीक अक्षर धरून बसायचं. थंडीचे दिवस, खाली घरमालकांच्या सुनेचा, भैरवीचा कुकर, शेजारच्या विणकराच्या मागाचा खटखटाट थांबलेला, आणि मी हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात. उत्तर वाढत गेलं. त्याला टिपा जोडल्या, टिपांना पुरवण्या. पत्र म्हणून पाठवण्यासारखं ते राहिलं नाही, आणि निबंध म्हणून कुणाला दाखवण्यासारखं ते होतं की नाही याची मला खात्री नव्हती. आणि त्यात ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ हे कुठंच नव्हतं.

त्या दिवशी मी काकतीला निघालो होतो. रविराज नावाच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची घरभरणी होती. तो मच्छे गावातल्या एका कारखान्यात लागलाय, काकतीला त्यानं घर बांधलं. “सर, तुम्ही न्हाय आला तर पंगत बसवत न्हाय,” असं तो फोनवर म्हणाला होता, आणि हे खरं नसणार हे ठाऊक असूनही मी लवकर निघालो. हातात कुंद्याचा डबा, बेळगावात मिठाई न्यायची ती हीच. काकतीला जायचं तर शहरबस धरायची, हे बेळगावात पोरासोरांनाही माहीत आहे. पण मोठ्या स्थानकात शिरल्यावर समोरच एक बस घरघरत उभी होती, पाटीवरचं निप्पाणी मी सावकाश वाचलं. कन्नड मी अजूनही अक्षराखाली बोट ठेवल्यासारखं वाचतो. निपाणीची गाडी काकतीवरूनच जाते, एवढा भूगोल मला येतो. निपाणीच्या खाली तांबड्या अक्षरांत आणखी एक शब्द होता. मागून बायकांचा घोळका चढत होता, कुणीतरी पाठीवर पिशवी टेकवली, आणि तो शब्द वाचायचा राहिला. गाडी काकतीला थांबते का, असं कुणालाही विचारता आलं असतं. सगळे विचारतात. चालकाच्या बाजूची खिडकी वाजवून विचारतात, पायरीवर एक पाय ठेवून विचारतात. मला ते कधी जमलेलं नाही. विचारलं आणि त्यानं चारचौघांत ‘पाटी दिसत नाही का’ म्हटलं तर, या विचारानं मी आजवर किती गाड्यांतून किती भलत्या ठिकाणी गेलोय हे आठवलं तर माझं मलाच हसू येतं.

खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी बसली, मांडीवर भाजीची पिशवी, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड. बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून हे कार्ड देवाच्या टाकासारखं हातात असतं. ऊन कोवळं होतं, काचेतून मांडीवर येत होतं. गाडी हायवेला लागली आणि मी मनात रविराजच्या घरी काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवू लागलो. आणि मग काकती आली. उतरायला मी उठून उभा राहिलो, डबा छातीशी धरला, आणि काकती तशीच खिडकीतून मागे गेली. दुकानं, पुलाचा कठडा, रिक्षा, कुणाच्या तरी मांडवाचा पिवळा कपडा, सगळं न थांबता. गाडीनं वेगसुद्धा कमी केला नाही. पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं.

“काकती,” मी म्हणालो. आवाज इतका हलका निघाला की तो शेजारच्या बाईंनाच ऐकू आला.

“काकतीला जायचं व्हतं?” त्या म्हणाल्या, आणि मागं वळून मोठ्यानं ओरडल्या, “ओ कंडक्टर, हे आण्णा काकतीचं हाईत बघा.”

सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली. कंडक्टर पुढं आला. तिशीचा, मशीन पोटावर लटकवलेलं. “येल्ली अज्जा?” कुठं म्हणून त्यानं आधी कन्नडात विचारलं, मग माझं तोंड बघून मराठीत आला. “ही नॉनस्टॉप हाय की अज्जा. पाटीवर लिवलंय. चढताना इचारायचं न्हाय व्हय?”

“चुकलं,” मी म्हणालो.

“आता हत्तरगीच्या टोलनाक्याला हळू होईल, थितं सोडतो. पल्याडच्या बाजूनं हात करा, कुठलीबी गाडी घेतीया.”

“आणि काय वो, ह्या वयात हायवे वलांडून हात करीत उभारायचं?” शेजारच्या बाई त्याच्यावर गुरगुरल्या. मग माझ्याकडे वळून, “बसा तुमी गप. बसलाईसा तर बसा. निपाणीला चा प्या आन् परत फिरा. मी कंग्राळीची मालुबाई. लेकीकडं चाललोय. निपाणीत कोण हाय न्हाय तुमचं?”

मी आधी ‘नाही’ म्हणणार होतो. ते तोंडाशी आलं होतं. मग म्हणालो, “आहे. ओळखीच्या एक बाई आहेत.”

“मग झालं की,” मालुबाई म्हणाल्या, आणि हा प्रश्न मिटला असं समजून त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या.

मी खाली बसलो. बाहेर उसाचे ट्रॅक्टर ओळीनं चालले होते, मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल झोपलं होतं. वंटमुरीचा चढ लागला आणि गाडीचा आवाज जड झाला. अशा वेळी मला खरं तर घाबरायला हवं होतं. मी लहानसहान गोष्टींनी घाबरतो. भलत्या रांगेत उभं राहिलो तर दिवसभर तेच डोक्यात असतं. पण भीतीऐवजी आत एक विचित्र सैलपणा आला होता, तापातून उठल्यावर येतो तसा. आणि त्या सैलपणात तो शब्द आला, बोलावला नसताना. ड्वेल. मी कोशातून जे काढलं होतं ते असं, की हजार-बाराशे वर्षांपूर्वी, जुन्या इंग्रजीत, या क्रियापदाचा राहण्याशी काही संबंधच नव्हता. ड्वेल म्हणजे तेव्हा वाट चुकवणं. भुलवणं, भलतीकडे नेणं, डोकं गरगरवून टाकणं. मग उत्तरेकडून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांच्या बोलीत त्याचाच भाऊबंद असलेला एक शब्द होता, त्याचा अर्थ अडवणं, खोळंबा करणं. दोन्ही एकमेकांत मिसळले, आणि वाट चुकवणाऱ्याचा हळूहळू खोळंबणारा झाला. मग रेंगाळणारा. आणि मग, कुठल्या वर्षी कोण सांगणार, रेंगाळणारा माणूस तिथेच राहिला, आणि त्याला लोक म्हणू लागले, हा इथे राहतो. घर करून राहणं हा अर्थ सगळ्यात शेवटी आला. पहिला अर्थ तोपर्यंत विसरला गेला होता.

हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी भिंग खाली ठेवलं होतं, कारण मला भावकूकाका आठवले. आमचं मूळ घर खानापूरकडं, रानाच्या कडेला. भावकूकाका वडिलांचे चुलते. आमच्याकडं चकवा फार. संध्याकाळी रानात गेलेल्या माणसाला चकवा लागला की तो चालत राहतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. आमच्या घाडी घराण्याकडे गावदेवीचं गाऱ्हाणं घालायचं काम असल्यामुळे चकवा लागलेली माणसं दुसऱ्या दिवशी आमच्याच अंगणात येऊन बसत, आणि काका प्रत्येकाला एकच विचारत, “चालत ऱ्हायलास का बसलास?” बसलो म्हणणाऱ्याला ते शहाणा म्हणत. चकव्यात चालायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. जिथे कळलं की आपण चुकलोय तिथे खाली बसायचं, बरोबर भाकरी असेल तर ती खायची, आणि उजाडायची वाट बघायची. काकांना स्वतःला तरुणपणी चकवा लागला होता. हरवलेली म्हैस शोधताना एका ऐनाच्या झाडापाशी ते पुनःपुन्हा आले, मग तिथेच बसले. सकाळी बघतात तर म्हैस खालच्या ओढ्यात पाण्यात बसलेली, आणि तो ओढा गावातल्या कुणाला माहीत नव्हता. पुढे त्यांनी तिथेच खोप घातली, मग शेत केलं. आज आमच्या भाऊबंदांची चार घरं आहेत तिथं. पाण्याला जवळ.

इतकं जुळून आलं की मला संशय येतो. कोशातली गोष्ट इतकी आपल्या घरातली निघावी हे बरं लक्षण नव्हे. बहुधा मी अर्थ ओढूनताणून आणला असणार, असं म्हणून मी आणखी एक कोश बघितला, मग आणखी एक. सगळे थोड्याफार फरकानं तेच सांगत होते. पण गाडीत बसून मी आता ज्याच्याकडे बघत होतो तो नुसता शब्द उरला नव्हता. मी बेळगावला एका सरांच्या रजेच्या जागी आलो होतो, एका सहामाहीपुरता. पुढे पुण्याला जाऊन भाषेचा अभ्यास करायचा होता. ट्रंक पूर्ण उघडलीच नव्हती. सर परत आले नाहीत, सहामाहीचं वर्ष झालं, शहापुरातल्या त्या खोल्या मी ‘तूर्त’ म्हणून घेतल्या आणि त्या तूर्तात चाळीसेक वर्षं गेली. याचं मला वाईट वाटायला हवं, अशी माझी समजूत होती. चुलतभाऊ भेटले की म्हणायचे, तू पुण्याला गेला असतास तर. मीही मान हलवायचो. पण खिडकीशी बसून, मालुबाईंनी न विचारता हातावर ठेवलेल्या शेंगा सोलताना, मला त्या वर्षांतलं जे आठवत होतं ते सगळं बरं होतं. तिसऱ्या तासाला वर्गात येणारं ऊन. वाचनालयाचा दरवाजा उघडायच्या आधी त्याच्या पायरीवर बसणं. गणपतीत रात्रभर चालत बघितलेले देखावे. भैरवी पहिल्यांदा उपमा घेऊन आली तेव्हा दारात अडखळून म्हणाली, “काका, मीठ जरा जास्त झालंय, पण तुम्हाला कळणार नाही म्हणून आणलं.” आणि शिक्षकांच्या खोलीत पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन त्याची धूळ पुसणाऱ्या कुर्लीकर बाई. त्या तो गोल फिरवत पुसायच्या, आणि मी वह्या तपासायच्या सोडून बघत राहायचो. आमच्या या भागात कुठलं गाव कुठल्या राज्यात या प्रश्नाचं उत्तर माझ्या जन्माच्याही आधीपासून तात्पुरतंच आहे. म्हणून कुणी विहीर खणायचं थांबलेलं नाही.

टोलनाका आला. गाडी हळू झाली. कंडक्टर दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. “अज्जा, उतरणार?”

उतरायचं तर उठायला हवं होतं. मी उठलो नाही. याला ठरवणं म्हणता येईल का हे मला आजही सांगता येत नाही. पण नेहमीसारखी गोष्ट आपोआप ठरली आणि मी तिच्यात जाऊन बसलो, असंही झालं नाही, कारण मी त्याला हाक मारून म्हणालो, “निपाणीचं तिकीट दे.”

“मघाशी काकतीला जायचं म्हणत हुतासा.”

“चुकून म्हणालो.”

मालुबाई शेंगा खायच्या थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “बाईंचं नाव काय म्हणालासा?” मी काहीच म्हणालो नव्हतो. नाव सांगितलं. “हां,” त्या म्हणाल्या. पुढं काही विचारलं नाही, मात्र संकेश्वर येईपर्यंत मधूनमधून हसत राहिल्या.

रविराजचा फोन आला. “सर, कुठं हाय? पाय धुवायला पाणी घेऊन उभारलोय की.”

“मी जरा पुढं गेलोय.”

“पुढं म्हंजे? होनग्याला गेला काय? थांबा थितंच, गाडी घेऊन येतो.”

“नाही रे. तवंदीच्या घाटात आहे, निपाणी आली.”

पलीकडे भटजींचे मंत्र चालू होते. मग रविराज म्हणाला, “सर, तुमचं ताट झाकून ठेवतो. रात्री या, उद्या या.” त्याच्या आवाजात हसू दाबलेलं होतं. चांगलं घर बांधलं असणार त्यानं, असं मला उगाचच वाटलं.

निपाणीला उतरलो तर हवेत तंबाखूचा तो उग्र-गोड वास होता, जो पहिल्या दोन श्वासांत खोकला आणतो आणि मग जाणवेनासा होतो. बाईंचं घर मी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या आई गेल्या तेव्हा. तरी पाय बरोबर गेले. दोनदा गल्लीच्या तोंडाशी थांबलो. दार वाजवलं आणि सवयीप्रमाणे दोन पावलं मागं सरकलो.

“घाडी सर?” आतून आवाज आला. दार उघडायच्या आधी. “या. दार वाजवून मागं पळणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. पोरं वाजवतात, पण ती लांब पळतात.”

त्यांनी काळा चष्मा लावला होता, केस पूर्वीपेक्षा पांढरे आणि अधिक दाट दिसत होते. मी कुंद्याचा डबा पुढं केला.

“माझ्यासाठी आणलात?”

“नाही,” मी म्हणालो. “काकतीच्या घरभरणीसाठी. बस थांबली नाही.”

त्या हसल्या नाहीत. डबा हातात घेतला. “म्हणजे बस थांबली असती तर तुम्ही काकतीला जेवून शहापूरला गेला असता.”

“होय,” मी म्हणालो. मला खोटं बोलायला वेळ लागतो.

“असू दे. बसा की. भाकरी टाकते. वांग्याचं केलंय, तुम्हाला तिखट होईल.”

जेवताना आम्ही कोण कोण कुठं आहे ते बोललो, शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बोललो. पत्राबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मीही नाही. पण ते आमच्यामध्ये ताटासारखं मांडलेलं होतं. हात धुतल्यावर मी म्हणालो, “खोल्या बघू का?” आणि माझे कान गरम झाले.

त्या पुढं, मी मागं. जिना लाकडी, पायऱ्या रुंद. वर दोन खोल्या, नव्यानं चुना दिलेल्या. खिडकीतून वखारीचं कौलारू छप्पर आणि त्याच्या पलीकडे टेकडीची निळी रेघ दिसत होती. एका भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत कडाप्पाच्या फळ्या बसवल्या होत्या. त्यांवर काही नव्हतं. मी एका फळीवरून हात फिरवला, थंड आणि गुळगुळीत. पुस्तकाच्या उंचीचं अंतर सोडून बसवल्या होत्या त्या. सगळ्यात खालची मोठ्या कोशांच्या उंचीची.

“बँकेतला एक मुलगा विचारतोय,” बाई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या. “बायको नर्स आहे. चांगली पोरं आहेत. महिनाअखेरीला कळवते म्हटलंय. मी त्यांना थांबवलंय, कारण मी थांबलेय. आमच्या गल्लीत सध्या सगळे थांबलेलेच आहेत.” मग आवाज जरा खाली आला. “सर, नाही म्हणालात तरी मी रडत बसणार नाही. पण रिकाम्या फळ्या रोज पुसायचा मला कंटाळा आलाय.”

काहीतरी बोलायला हवं होतं. आणि मी, जन्मभर जे करत आलो तेच केलं. मी शब्दाचा अर्थ सांगितला. तिथं एक जुनी खाट होती, तिच्या कडेला बसून, वर्गात सांगावा तसा. वाट चुकवणं, मग खोळंबणं, मग राहणं. समुद्रावरून आलेल्या लोकांची बोली सांगितली, भावकूकाका सांगितले, म्हैस सांगितली. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. भूगोलाच्या माणसांना रस्त्यांच्या गोष्टी आवडतात. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदरानं डोळ्यांतलं पाणी टिपलं. ते ऑपरेशनचं असेल.

“म्हणजे लिव्ह कुणीही करतं,” त्या म्हणाल्या. “ड्वेल करायला आधी चुकावं लागतं.”

“असं अगदी म्हणता येणार नाही. शब्दांचा मागचा अर्थ आज लागू पडतोच असं—”

“सर.”

“हां.”

“दिवाळीपासून हे शोधत होता?”

“होय.”

“मग आता कुठल्या अर्थापर्यंत आलाय तुम्ही?”

मी फळ्यांकडे बघितलं. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडी घासायची पावडर विकत ओरडत होता. “दुसऱ्या अर्थात बरीच वर्षं झाली,” मी म्हणालो. “मला वाटतं, मी...”

“थांबा,” त्या म्हणाल्या. “तोंडी नको. तोंडी तुम्ही होय म्हणाल, आणि बस संकेश्वरला पोचेपर्यंत तुम्हाला शंका येईल. मी पत्र पाठवलंय, मला पत्र पाहिजे. टपालानं. माझ्या दारातून आत पडलेलं.”

“आज टाकलं तरी दोन दिवस लागतील.”

“इतके दिवस थांबले ते थांबले.” त्या जिन्याकडे वळल्या. “पोस्ट पाचला बंद होतं. चहा घेऊन जा.”

चहा घेतला. दारात त्यांनी कुंद्याचा डबा परत दिला नाही, आणि तो मागायचा प्रश्नच नव्हता. पोस्टात गर्दी नव्हती. एक अंतर्देशीय घेतलं, खिडकीच्या कडेला उभा राहून दोरीला बांधलेलं पेन उचललं. ‘आपले पत्र पावले. उत्तरास विलंब झाला याबद्दल’ असं लिहिलं आणि थांबलो. हात त्या रुळलेल्या वाटेनं आपोआप चालला होता. त्याच्यापुढं क्षमेची एक ओळ आली असती, मग प्रकृतीची, मग अडचणींचा एक परिच्छेद, आणि मी फिरून शहापुरात माझ्या टेबलापाशी आलो असतो. मी दुसरं अंतर्देशीय घेतलं. काय लिहायचं ते आता डोक्यात कुठंच नव्हतं. लिहिलं :

बाई, मी येतो. पुढच्या महिन्यात, घरमालकांना सांगून. पुस्तकं फळ्यांना पुरून उरतील. मला वांगं तिखटच आवडतं. — मारुती घाडी.

पत्ता लिहिला. शंका आली म्हणून पिनकोड कारकुनाला विचारला, चारचौघांत, मोठ्यानं. त्यानं सांगितला आणि पत्त्याकडे बघून म्हणाला, “ही गल्ली ही काय, पाठीमागं. जाऊन हातात द्या की आजोबा. हे आता कुठंकुठं फिरून येणार.”

“त्यांनी टपालानं मागितलंय.”

“मग टाका तिकडं. साडेपाचला निघतंय.”

बाहेर भिंतीला तांबडी पेटी होती. मी पत्र तिच्या फटीत सरकवलं, अर्धं आत, अर्धं माझ्या बोटांत. मागं एक मुलगी अंतर राखून आपली पाकिटं घेऊन उभी होती. “होऊ दे तुमचं,” ती म्हणाली. तिला थांबायला लावणं बरं दिसलं नसतं. बोटं सोडली. पडल्याचा आवाज काही आला नाही. खाली आधीच पुष्कळ पत्रं असावीत.